‘पूर्वीं किती मिळत होतें?’
(नभोवाणीवरील भाषण)

नोकरीसाठीं गेलेल्या उमेदवारास हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. शिक्षण विचारून होतें, अनुभव विचारून होतो, आणि मग टेबलापलीकडील गृहस्थ किंचित् पुढें वांकून म्हणतात, ‘बरें, पूर्वींच्या ठिकाणीं किती मिळत होतें?’ प्रश्न दिसावयास साधा. परंतु त्याच्या उत्तरावर माणसाची पुढील दहा-वीस वर्षांची मिळकत ठरून जाते, असें जगांतील कांहीं कायदेमंडळांस अलीकडे पटलें असून त्यांनीं तो विचारण्यासच बंदी केली आहे. बंदी नवी आहे. तिच्या मुळाशीं असलेला वाद मात्र नवा नाहीं. तो आमच्या वर्ध्यास १९३५ सालीं मोठ्या हिरिरीनें होऊन गेला. तो नोकरदारांचा नव्हता, सूत कांतणाऱ्या बायांच्या मजुरीचा होता. म्हणूनच कीं काय, पगाराच्या गोष्टी करतांना तो कोणाला आठवत नाहीं.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली. जमनालाल बजाज यांनीं आपला बंगला व बाग त्या संघाच्या स्वाधीन केली, आणि त्या जागेस मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव पडलें. १९३६ सालीं शेगांवास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास जाण्यापूर्वीं गांधीजींचें वर्ध्यांतील बिऱ्हाड येथेंच होतें. ग्रामोद्योगांचा विचार करूं लागल्यावर त्यांचें लक्ष आपल्याच घरच्या एका जुन्या संस्थेच्या हिशेबाकडे वळलें. ही संस्था म्हणजे १९२५ सालीं निघालेला अखिल भारत चरखा संघ.

त्या हिशेबाचें स्वरूप असें होतें. गिरणीचें कापड स्वस्त आणि खादी महाग. तेव्हां खादीची किंमत उतरविण्याची प्रत्येक कार्यकर्त्याची धडपड असे. आतां किंमत उतरावयाची म्हणजे कोणाच्या तरी वांट्यांतून कांहीं कापलें पाहिजे. विणकर आपला दर सोडीना, कारण गिरणीचें सूत विणण्याची वाट त्याला मोकळी होती. कापसाचा भाव बाजाराच्या हातीं. उरली कांतणारी बाई. तिला दुसरा धंदा नव्हता. शेतीचें काम सरलें कीं तिचे हात रिकामे. दिवसभर चरखा फिरवून तिच्या पदरांत एखादा आणा पडे, कित्येकदां तोहि पुरा नसे. रुपयाचे सोळा आणे होत, हें तरुण श्रोत्यांसाठीं सांगून ठेवतों.

या आण्याचें समर्थन कसें होई? ‘ह्या बाईला पूर्वीं कांहींच मिळत नव्हतें; आतां आणा मिळतो. ती खुषीनें घेते. मग अन्याय कोठें झाला?’ बोलणारे लोक दुष्ट नव्हते. बहुतेक स्वतः फाटके राहून खादीचें काम करणारे होते. स्वतः गांधीजींनींहि चरख्याकडे अनेक वर्षें शेतीचा जोडधंदा म्हणूनच पाहिलें होतें. पण हा युक्तिवाद नीट न्याहाळा. काम किती, कौशल्य किती, पोटाला लागतें किती, यांपैकीं एकहि गोष्ट त्यांत विचारलेली नाहीं. विचारलें आहे तें एवढेंच: पूर्वीं किती मिळत होतें? उत्तर ‘शून्य’ असल्यामुळें आणाहि उपकार ठरला.

१९३५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत गांधीजींनीं हें गणित उलटें मांडलें. त्यांचें म्हणणें असें कीं, तासाला एक आणा या हिशेबानें आठ तासांच्या कसून केलेल्या कामाबद्दल कांतणारीला आठ आणे मिळाले पाहिजेत. खादी स्वस्त करण्याच्या नादांत आपणच या बायांना नाडलें, अशी कबुलीहि त्यांनीं दिली. ही मागणी ऐकून खादी भांडारांच्या चालकांचे धाबे दणाणले असल्यास नवल नाहीं. एका आण्याचे आठ आणे! खादी घेणार कोण? ती खपली नाहीं तर आहे तो आणाहि जाईल, आणि ज्या बाईच्या कैवारासाठीं हें चाललें तीच उपाशी मरेल. ही भीति खोटी नव्हती. कोणत्याहि काळीं मजुरी वाढवूं म्हणणारास या शंकेचें उत्तर द्यावें लागतें.

याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनीं वेगळाच मार्ग धरला. वाद न घालतां ते दिवसचे दिवस कांतावयास बसले, आणि कांतणारीला मिळणाऱ्या मजुरीवर आपला निर्वाह होतो कीं नाहीं तें पाहूं लागले. निष्णात कांतणारा, ठराविक तास, ठरलेला दर. आणि तरी पोटाचें गणित जुळतां जुळत नव्हतें. मजुरी ठरविणारानें ती मजुरी स्वतः खाऊन पाहावी, हा प्रकार वेतनाच्या इतिहासांत फार क्वचित् आढळतो. आमच्या संस्थाचालकांना ही कल्पना सुचली नाहीं, हें मी येथेंच नमूद करून टाकतों.

अखेर १९३५ च्या ऑक्टोबरांत चरखा संघाच्या कार्यकारी मंडळानें वर्ध्यास ठराव केला. आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल किमान इतकी मजुरी मिळावी कीं तींतून शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक तेवढें अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळूं शकेल, असा त्याचा आशय होता. आठ आण्यांचा पल्ला त्या काळांत गांठतां आला नाहीं. प्रांतोप्रांतीं दर वाढले ते बेताबेतानें. परंतु दर ठरविण्याची कसोटी बदलली. कालपर्यंत बाईच्या मागील मिळकतीवरून मजुरी ठरे, आतां ती कामाच्या तासांवरून व अन्नवस्त्राच्या मोजमापावरून ठरावयाची झाली. शिवाय एक गोष्ट आपोआप साधली. गुंडीमागें दर एकदां ठरला म्हणजे तो शेजारणीला वेगळा आणि आपल्याला वेगळा असा राहत नाहीं. कोण विधवा आहे, कोण गरजू आहे, कोण घासाघीस करूं शकते, हें पाहून भाव करावयास जागाच उरत नाहीं. सूत पाहावें, अंक पाहावा, पैसे द्यावे.

दोनच वर्षांनीं वर्ध्यास माझ्या धंद्याचीहि पाळी आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं येथें शिक्षण-परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तिनें नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनें नव्या शिक्षणाचा आराखडा तयार केला आणि त्यांत शिक्षकाचा पगार आंकड्यांत सांगितला: शक्य तर दरमहा पंचवीस रुपये, आणि कोणत्याहि परिस्थितींत वीसाहून कमी नाहीं. त्याच वर्षीं अधिकारारूढ झालेल्या काँग्रेस मंत्र्यांनीं दरमहा पांचशें रुपये घेण्याचें ठरविलें होतें. सरकारी नोकराचा पगार सामान्यतः पांचशेंवर जाऊं नये असें १९३१ च्या कराची काँग्रेसनें सांगून ठेवलेलें होतें, आणि त्या काळच्या मानानें तो मोठाच त्याग होता. तरीपण वीस व पांचशें हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले कीं माझ्यांतला मास्तर जागा होतो. मात्र हे आंकडे मला शेजारीं ठेवतां येतात तेच मुळीं ते उघड होते म्हणून. आंकडा उघड केल्यानें तो न्याय्य होत नाहीं. पण त्यावर भांडतां येतें. झांकलेल्या आंकड्याशीं भांडण कसें करणार?

हें मीं अनुभवानें शिकलों आहें. मी अकरावीच्या जुन्या मॅट्रिकचा माणूस. अध्यापनाचें प्रशिक्षण घेऊन प्रथम एका विनाअनुदान शाळेंत लागलों आणि नंतर तसल्याच दुसऱ्या शाळेंत गेलों. तेथील चिटणिसांनीं तोच प्रश्न विचारला. मीं खरें उत्तर दिलें. ‘मग आम्ही दहा रुपये वाढवून देतों,’ असें ते म्हणाले आणि मी आनंदानें घरीं आलों. पगाराच्या दिवशीं लेखनिक पगारपत्रकावर पुठ्ठ्याचा तुकडा असा धरीत असे कीं आपली ओळ तेवढी दिसावी. एकदां पंख्याच्या वाऱ्यानें तो पुठ्ठा उडाला. माझ्या बरोबरीनें लागलेल्या, तोच वर्ग शिकविणाऱ्या गृहस्थांना माझ्या दीडपट पगार होता. माणूस भला होता. त्यांची आधींची शाळा शहरांतली होती, एवढेंच. आमच्या एका शिक्षिका मुलांसाठीं चार वर्षें घरीं राहून परत आल्या होत्या. त्यांची ओळ सर्वांत खालीं. त्यांना ‘पूर्वीं’ कांहींच मिळत नव्हतें ना!

पुढें अनुदानित शाळेंत आल्यावर हा जाच संपला. खाजगी शाळांतील नोकरांच्या सेवाशर्तींविषयीं महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायदा केला होता, १९८१ सालीं त्याचे नियम झाले, आणि वेतनश्रेणी छापील झाली. सरकारी नोकर बदलून गेला तर त्यालाहि शेवटच्या वेतनाचा दाखला मागतात. म्हणजे प्रश्न तोच. परंतु तेथें त्याचें उत्तर नोकराला तारतें, कारण पदाची श्रेणी आधींच जाहीर असते आणि दाखल्यानें फक्त तिच्यांतली पायरी कळते. श्रेणी झांकून हा प्रश्न विचारला म्हणजे मात्र तो सापळा होतो.

आणि हा सापळा सातासमुद्रांपलीकडेहि आमच्याच धंद्यांतल्या एका बाईंनीं ओळखला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो परगण्याच्या शिक्षणखात्यांत एलीन रीझो ह्या गणिताच्या तज्ज्ञ म्हणून लागल्या. तेथील रीत अशी कीं पूर्वींच्या पगारावर शेंकडा पांच वाढवून नवा पगार ठरवावयाचा. २०१२ सालीं जेवणाच्या सुटींत बोलतां बोलतां त्यांना कळलें कीं आपल्यामागून आलेल्या एका पुरुष सहकाऱ्याला आपल्याहून जास्त मिळतें. त्या न्यायालयांत गेल्या. खटला वर-खालीं होऊन २०२० सालीं तेथील नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयानें निकाल दिला कीं, स्त्री-पुरुषांच्या वेतनांतील फरकाचें समर्थन करण्यासाठीं पूर्वींचा पगार हें कारण मालकास पुढें करतां येणार नाहीं. तत्पूर्वींच, २०१६ सालीं, मॅसॅच्युसेट्स राज्यानें नोकरी देऊं करण्याआधीं मागील पगार विचारण्यास मनाई करणारा कायदा केला; तो २०१८ पासून अंमलांत आला. कोलोरॅडोनें २०२१ पासून जाहिरातींतच पगाराची मर्यादा छापणें सक्तीचें केलें. युरोपीय संघानें २०२३ सालीं दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेंत घातल्या आणि सभासद राष्ट्रांना ७ जून २०२६ ही मुदत दिली.

आपल्याकडील स्थिति विचित्र आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचें व नोकराचें मासिक वेतन स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचें असतें. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना काय मिळतें हें पाहण्याचा अधिकार गांवांतल्या कोणालाहि आहे, आणि त्यामुळें आकाश कोसळलेलें नाहीं. खाजगी कंपनींत मात्र उमेदवाराकडून मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागतात आणि नेमणुकीच्या पत्रांत बजावतात कीं आपला पगार सहकाऱ्यास सांगूं नये. समान वेतनाचा १९७६ चा कायदा होता; त्याची जागा आतां २०१९ च्या वेतनसंहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वेतनांत व भरतींत स्त्री-पुरुष भेद करूं नये, असें तींत आहे. मागील पगार विचारूं नये, असें नाहीं.

आमच्या आळींतील एक मुलगी नागपुरास नोकरी करते. पुण्याच्या एका कंपनीचा अर्ज भरतांना ती गेल्या महिन्यांत माझ्याकडे आली. अर्जांत ‘सध्याचें वेतन’ असा रकाना होता. ‘काका, खरें लिहिलें तर त्यावरच शेंकडा वीस वाढवून देतील, आणि खोटें लिहिलें तर चिठ्ठ्यांवरून पकडतील,’ असें ती म्हणाली. खोटें लिही असें मास्तरानें सांगावें कसें? मीं तिला नालवाडीची आणि आठ आण्यांची गोष्ट सांगितली. तिनें ती शांतपणें ऐकली आणि रकान्यांत लिहिलें: ‘या जागेसाठीं ठरविलेलें वेतन कृपया कळवावें.’ अर्ज गेला. उत्तराची आम्ही दोघेंहि वाट पाहत आहों.