तुतीचा वाक

हॉकी स्टिकचं सगळं नशीब तिच्या खालच्या वाकात असतं. वरचा दांडा हाताच्या सोयीचा. चेंडूशी गाठ पडते ती त्या छोट्या वळणाचीच. कार्बनच्या आणि लाकडाच्या स्टिकचा वाद निघाला की बोलणं जोराच्या फटक्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. खरं तर तो वाद या वाकाच्या कुळकथेत शोधायला हवा.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लबांची हॉकी नियमांत बसली, तेव्हा स्टिक ॲशच्या लाकडाच्या असत. ॲश चिवट, झटका पचवणारं लाकूड. पण ते घट्ट वळवायला गेलं की चिरतं. त्यामुळे त्या स्टिकचा पंजा लांबट, जमिनीवर पसरलेला राहिला. सरळ ढकलायला आणि फटकवायला तो ठीक. पण हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट, तीही डावीकडची. चेंडू उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे खेळवायचा तर स्टिक दर वेळी मनगटात उलटी करावी लागते. लांब पंजा उलटा करताना वेळ जातो, आणि तेवढ्यात समोरचा चेंडू घेऊन पसार होतो.

ही अडचण सोडवली पंजाबातल्या तुतीने. तुतीची पट्टी वाफेवर मऊ करून साच्यात वाकवली की आखूड, घट्ट वळण घेते. मग तशीच बांधून महिनोन्‌महिने वाळवायची. यातली खुबी अशी, की लाकडाचा धागा तुटत नाही. दांड्याकडून आलेला धागा वळणाबरोबर वळून पंजाच्या टोकापर्यंत जातो. वळण कापून काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी फुटलं असतं. सियालकोटच्या कारखान्यांना ही तुती जवळच मिळाली. लाहोरजवळचं चांगा मांगा हे जंगल इंग्रजांनी 1866 मध्ये लावायला घेतलं ते रेल्वेच्या इंजिनांना जळण हवं म्हणून. इंजिनांची गरज पुढे सरली, तुती खेळाच्या सामानाला उपयोगी पडत राहिली.

दांडा मात्र वेताचा. वेताच्या चिरफळ्या सरसाने जोडायच्या, मध्ये रबराच्या पातळ पट्ट्या घालायच्या आणि खालच्या तुतीच्या तुकड्यात खोल खाच पाडून त्यात दांडा बसवायचा, वरून दोरा. जुनी स्टिक जोडापाशी उघडून पाहिली तर वेत, रबर, वेत असे थर स्पष्ट दिसतात. चेंडूचा हादरा मनगटापर्यंत जाण्याआधी त्या रबरात आणि वेतात मुरतो. ध्यानचंदांच्या काळातली 1928, 1932 आणि 1936 ची सुवर्णपदकं आठवताना आपण त्यांच्या मनगटाबद्दल भरभरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण भारतीय ड्रिबलिंगला आखूड पंजाची साथ होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

1947 च्या फाळणीत सियालकोटचे अनेक हिंदू-शीख कारागीर जालंधर आणि मेरठला आले. चांगा मांगा तिकडेच राहिलं.

लाकडाला खरा धक्का बसला तो टर्फमुळे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. टर्फवर चेंडू उसळ्या न घेता सरपटत, वेगाने येतो. मैदान पाणी मारून ओलं ठेवलेलं. लाकूड ते पाणी पितं, फुगतं, पंजाची खालची कड घासून झिजते. मग लाकडावर काचतंतूचं आवरण आलं, पाठीला मजबुतीच्या पट्ट्या आल्या. लाकडाचे पातळ थर चिकटवून आकड्यासारखा वळलेला पंजाही याच काळात निघाला. अखंड पट्टीला एवढं वळण झेपलं नसतं. आणि 1990 च्या दशकात लाकूडच बाजूला पडलं. कार्बन, काच आणि अरॅमिड यांचे तंतू राळेत भिजवून साच्यात उष्णतेने आणि दाबाने घट्ट करायचे. वाक हवा तसा, हवा तिथे, आणि प्रत्येक नग सारखा.

अशा मिश्र तंतूंच्या, म्हणजे कॉम्पोझिट स्टिकचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. ती भिजत नाही, झिजते कमी, आणि ताठ असल्यामुळे फटक्याचा जोर दांड्यात न मुरता चेंडूला मिळतो. तोटा निघतो तो याच ताठपणातून. वेगाने आलेला चेंडू लाकडावर क्षणभर निवतो, कार्बनवरून टणकन उडतो. हात कसलेला असेल तर तो सैल सोडून हे सांभाळता येतं. नवशिक्याचा चेंडू स्टिकपासून दोन हात लांब जातो. म्हणूनच मुलांच्या हाती लाकडाची किंवा कमी कार्बनची स्टिक द्यावी, असं बरेच प्रशिक्षक सांगतात. चुकीच्या जागी चेंडू लागला तर बोटांना झिणझिण्या येतात, त्या वेगळ्याच.

दुसरा तोटा मोडण्याचा. लाकूड मोडण्याआधी बोलतं. टाचेपाशी कुसळं निघतात, जोडाचा दोरा सैल पडतो, फटक्याचा आवाज भसाडा होतो. कॉम्पोझिटमध्ये आतले थर सुटतात आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. केसाएवढी चीर कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि एखाद्या साध्या फटक्यात स्टिक जाते. तुटलेल्या कडा बोचऱ्या असतात. डागडुजी नावापुरतीच होते, आणि मोडलेल्या स्टिकचं पुढे काय करायचं, याचं नीट उत्तर कारखानदारांकडेही नाही.

लाकडाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या खडकीतल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत धनराज पिल्ले आणि त्यांचे भाऊ मोडक्या लाकडी स्टिक दोरीने बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळले. त्या मातीच्या मैदानावरून धनराज चार ऑलिंपिकपर्यंत गेले. मोडलेल्या कार्बनच्या स्टिकला दोरी बांधून असा खेळ होणं कठीण. किंमतही पाहा: साधी लाकडी स्टिक काही शे रुपयांत मिळते, भरपूर कार्बनची परदेशी स्टिक वीस हजारांच्या पुढे जाते. झारखंड-ओडिशातल्या गावांत बक्षिसाला बोकड लावून स्पर्धा होतात, तिथे पोरं बांबू किंवा झाडाची वाकडी फांदी तासून खेळायला लागतात. वाक तिथे झाडानेच दिलेला असतो.

साचा हवा तो वाक देऊ लागल्यावर नियमांना त्याच्यामागे धावावं लागलं. दांड्याला धनुष्यासारखी कमान जास्त दिली की पेनल्टी कॉर्नरच्या ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलाकडे भिरकावताना, चेंडू अधिक वेळ स्टिकवर घोळतो आणि गोफणीतून सुटावा तसा सुटतो. 2006 मध्ये या कमानीची मर्यादा 25 मिलिमीटरवर आणली गेली. स्टिकचं वजन 737 ग्रॅमच्या वर नको, आणि चाचणीत चेंडूचा वेग स्टिकच्या पंजाच्या वेगाच्या 98 टक्क्यांपुढे जाता कामा नये, असेही नियम आहेत. लाकडाच्या राज्यात अशी मोजमापं कुणाला सुचली नसती. तिथे लाकूडच हद्द घालून देत होतं. आता पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून धावत निघणारे बचावपटू तोंडावर मुखवटे चढवतात. कार्बनच्या तोट्यांच्या यादीत ही गोष्ट सहसा कुणी धरत नाही, कारण तोटा स्टिक धरणाऱ्याचा नसतो, समोरच्याचा असतो.

लाकडाला एक जागा अजून शिल्लक आहे, ती इनडोअर हॉकीत. तिथे फटका मारायला बंदी आहे, चेंडू फक्त ढकलायचा. फटक्याचा जोर तिथे कामाचा नाही, हवी असते ती चेंडू निववणारी हलकी, पातळ स्टिक. ती लाकडाची घेणारे खेळाडू आजही बरेच आहेत.