तळटीप १४ : चिखलीच्या काळ्या रानातली नाणी

यंत्राला पुरुषभर खोलीवरचे धन कळते, ही समजूत चुकीची आहे. हातात धरायच्या साध्या धातुशोधकाला शिवराईएवढे सुटे तांब्याचे नाणे वीतभर, फार तर फूटभर खोलीवर लागते. तेही आडवे पडलेले असेल तर. तबकडीच्या मानाने नाणे बरेच खाली असल्यास, खोली दुप्पट होताच संकेत सुमारे ६४ पटींनी घटतो. त्यातून इथली काळी माती बेसॉल्टची, लोहयुक्त. तिचाच गोंगाट यंत्रात शिरतो. नाण्यांनी भरलेला हंडा मात्र अधिक खोलवरही लागतो. सापडलेले धन १० रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. कृपा करून ते उकरू नये. कोणत्या थरात, कशासोबत होते, यावरूनच त्याचा काळ ठरवता येतो. — संपा.