वशिंड बापाचं, कूळ आईचं

बखरींतून घोडे येतात, हत्ती येतात. गाय दारात कधीपासून उभी आहे, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. गेल्या तीसेक वर्षांत हा इतिहास वेगळ्याच ठिकाणी वाचला गेला, खुद्द जनावराच्या पेशीत.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांना स्वतःचा छोटा डीएनए असतो. गाईचा आहे १६,३३८ अक्षरांचा. कालवड असो की गोऱ्हा, तो मिळतो आईकडूनच. गोऱ्ह्याचा पुढे वळू झाला, तरी आपल्या वासरांना तो देऊ शकत नाही. हजारो वर्षांत एखाददुसरं अक्षर बदलतं. त्या फरकांवरून दोन जनावरांची समाईक आदिमाता किती जुनी, याचा अंदाज बांधता येतो.

वशिंडाची आपली गुरं आणि युरोपातली सपाट पाठीची गुरं एकाच मुळाची, की वेगळी? रानटी गुरं पश्चिम आशियात एकदाच माणसाळली आणि तीच इकडे आली, असं बरेच अभ्यासक मानत. डार्विनला मात्र शंका होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याला आपल्या गुरांच्या सवयी, आवाज, प्रकृती यांची माहिती कळवली होती. त्यावरून ही गुरं वेगळ्या मूळ वंशाची असावीत, असं त्यानं १८५९च्या ग्रंथात लिहिलं. हंबरण्यावरून कूळ ओळखू पाहणाऱ्या ब्लाइथसाहेबांचं मला फार कौतुक वाटतं.

१९९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या गुरांचा हा डीएनए ताडून पाहिला. वाटा किमान दोन लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या निघाल्या! माणूस गुरं पाळू लागला त्याला फार तर दहा-साडेदहा हजार वर्षं झाली. म्हणजे दाव्याला बांधली जाण्याआधीच ही दोन घराणी निराळी होती, आणि दोन्ही स्वतंत्रपणे माणसाळली. बलुचिस्तानात मेहेरगढला १९७४पासून झालेल्या उत्खननाशी हे जुळतं. तिथं वरवरच्या थरांत गुरांची हाडं वाढत जातात आणि आकारानं लहान होत जातात. रानातलं जनावर गोठ्यात येतंय, याची ती खूण.

खरी गंमत आफ्रिकेत झाली. तिथल्या वशिंडाच्या गुरांतही आईकडचं कूळ निघालं बिनवशिंडाच्या गुरांचं. उलगडा सोपा आहे: आपल्याकडच्या वंशाचे वळू तिथल्या गाईंना लागले. वशिंड बापाकडून आलं, मायटोकाँड्रिया आईचेच राहिले. ब्राझीलमध्ये हेच. आपली ओंगोल गुरं तिथं नेलोर नावानं वाढली, गीरही गेली. पण नेले ते बहुतेक वळूच. म्हणून तिथल्या अनेक वशिंडवाल्या गाईंच्या पेशीत युरोपीय आजी सापडते. पश्चिम आशियातल्या प्राचीन हाडांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथंही सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, दीर्घ दुष्काळाच्या सुमारास, आपल्याकडच्या गुरांचं रक्त मिसळलेलं दिसतं, तेही मुख्यतः वळूंकरवी. उन्हात, कमी पाण्यावर तगणारा वळू तेव्हा कुणाला नको असेल?

आपल्याकडे हीच गोष्ट उलट घडली आहे. गावठी गाईला जर्सी किंवा होल्स्टीनचं कृत्रिम रेतन केलं, तिच्या कालवडीलाही तेच. दोन-तीन पिढ्यांत वशिंड गेलं, पोळी आखडली. आपण तिला सरळ ‘जर्सी’ म्हणतो. पण तिचे मायटोकाँड्रिया तपासले, तर ते त्या गावठी आजीचेच निघतील.