रक्तदाबाची गोळी आणि ती घेण्याची शिस्त

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक निबंध 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. सर्पगंधाच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींच्या आधारे त्यात दाखवले होते. तो वाचून बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी त्या मुळीचा वापर सुरू केला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगायलाच हवा. पण एवढ्यावर थांबलो तर त्याचा निम्मा भाग राहून जातो. रक्तदाबाचे औषध सापडणे हा एक शोध होता. ते किती घ्यायचे, किती काळ घ्यायचे, केव्हा थांबवायचे आणि कोणाला द्यायचेच नाही, हा दुसरा शोध होता. पहिल्या शोधाला काही वर्षे लागली, दुसऱ्याला काही दशके लागली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या सूचना हा त्या दुसऱ्या शोधाचा सारांश आहे, म्हणून गोळीइतकेच मोल त्या सूचनांनाही आहे.

औषधेच नव्हती तेव्हा काय होत असे, हे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजारावरून कळते. मार्च 1944 मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब 186/108 होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसालाही डॉक्टर विश्रांती, कमी मीठ आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही देऊ शकले नाहीत. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा 300 च्या वर नोंदला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत हेक्सामेथोनियमसारखी पहिली जोरकस औषधे आली. त्यांनी रक्तदाब खरोखर उतरत असे, पण रुग्ण उभा राहिला की इतका खाली जाई की चक्कर येऊन तो पडे. नजर अंधूक होई, पोट साफ होत नसे. आकडा खाली आणणे आणि माणसाला जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिथे मिळाला. बीपीची गोळी नव्याने सुरू झाल्यावर अंथरुणातून सावकाश उठावे, असे डॉक्टर आजही सांगतात. तेव्हाच्या अनुभवाचे बळ त्या सूचनेमागे आहे.

‘वनस्पतीचे औषध आहे, त्याने काय होणार?’ हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर सर्पगंधाच्याच इतिहासात आहे. बिहारमध्ये ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून लोकांना ठाऊक होती. 1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक आजार आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदवला. म्हणजे ही मुळी मेंदूवर काम करते, हे आरंभापासून दिसत होते. रेसर्पिन चेतातंतूंमधला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा करते. त्यानेच रक्तदाब उतरतो, आणि त्याच कारणाने झोपाळूपणा येतो व नाक चोंदते. 1950 च्या दशकात जास्त मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये तीव्र नैराश्य आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे मात्रा खाली आली आणि दिवसाला 0.25 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरेसे मानले गेले. मुळी जंगलात उगवली म्हणून ती निरुपद्रवी ठरली नाही आणि कारखान्यात गोळी झाली म्हणून ती विषारीही ठरली नाही. धोका ठरत होता तो मात्रेने आणि देखरेखीने.

तरी मूळ प्रश्न उरतोच: काही त्रास होत नसताना रोज गोळी कशाला? हा प्रश्न केवळ रुग्णांचा नव्हता. 1960 च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरांनाही तो पडत असे. त्याचे निर्णायक उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने दिले. ती 1967 मध्ये प्रसिद्ध झाली. खालचा रक्तदाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी 73 जणांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन आणि हायड्रॅलझिन ही औषधे दिली, तर 70 जणांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. साधारण दीड वर्षाच्या पाठपुराव्यात निष्क्रिय गोळ्यांच्या गटात 27 जणांना गंभीर आघात झाले, त्यांतले चौघे दगावले. औषधाच्या गटात असे आघात दोनच झाले आणि मृत्यू एकही नाही. या आकड्यांइतकीच चाचणीपूर्वीची तयारी महत्त्वाची आहे. आधीच्या टप्प्यात रुग्णांना दिलेल्या गोळ्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व घातले होते. गोळी घेतली असेल तर अतिनील प्रकाशात लघवी चमकते. जोडीला उरलेल्या गोळ्याही मोजल्या जात. ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या नाहीत त्यांना पुढे चाचणीतच घेतले नाही. रक्तदाबाच्या उपचाराने जीव वाचतो, याचा जगाला मिळालेला पहिला भक्कम पुरावा नेमाने गोळी घेणाऱ्यांवरचा आहे. आठवड्यातून चार दिवस घेणाऱ्याला त्या पुराव्यावर हक्क सांगता येत नाही.

गोळी थांबवण्याचे शास्त्रही असेच अनुभवातून घडले. क्लोनिडिन अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळी मारून पहिल्यापेक्षाही वर जातो, हे 1970 च्या दशकाच्या आरंभी लक्षात आले. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेल्या प्रोप्रॅनोलोलबद्दलही तसाच इशारा 1975 च्या सुमारास मिळाला: हृदयविकार असलेल्या काही रुग्णांना गोळी एकाएकी सोडल्यावर छातीत कळा आल्या, काहींना झटका आला. हायड्रॅलझिनच्या मोठ्या मात्रेने सांधे आणि त्वचेला ल्यूपससारखा विकार होतो, हे 1950 च्या दशकातच दिसले होते. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून घडलेले कॅप्टोप्रिल 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सुरुवातीच्या मोठ्या मात्रांनी काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तेव्हा मात्रा कमी झाली. त्याच कुळातली औषधे गरोदरपणात पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात म्हणून 1992 मध्ये अमेरिकेने त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा सक्तीचा केला. ‘मनाने बंद करू नका’, ‘गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर आधी सांगा’ ही वाक्ये अशी एकेका घटनेतून आली आहेत.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. डॉक्टरच इतक्या वेळा चुकले, मात्रा बदलत राहिल्या, तर आजच्या सूचनांवर तरी विश्वास का ठेवायचा? 1974 मध्ये रेसर्पिनचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे अहवाल आले आणि पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही, हेही खरे आहे. पण चुका उघड कशा झाल्या, हे पाहिले पाहिजे. डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या, त्या प्रसिद्ध केल्या आणि इतरांनी त्या तपासल्या, म्हणून त्या दिसल्या. शेजाऱ्याची गोळी घेणाऱ्याची किंवा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच गोळी आणणाऱ्याची चूक कुठेच नोंदली जात नाही, त्यामुळे ती सुधारतही नाही. 2018 मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या काही उत्पादनांत घातक अशुद्धी सापडली, तेव्हाही अमेरिकी नियामकाने रुग्णांना सांगितले की पर्यायी औषध हाती येईपर्यंत गोळी बंद करू नका. दोषी गोळीच्या धोक्यापेक्षा गोळी एकाएकी सोडण्याचा धोका मोठा असू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गावात डॉक्टर नाही, तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला शिस्त शिकवणे सोपे, पाळणे अवघड. हे नाकारण्यात अर्थ नाही. औषध नियमांनी बीपीच्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठी बंधनकारक केली, पण कागदावरचा नियम दवाखाना जवळ आणत नाही. मात्र यावरचा उपाय चिठ्ठी सैल करणे हा नव्हे. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने दुसरी वाट दाखवली. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. ठरलेली मोजकी औषधे, मात्रा वाढवण्याचा साधा क्रम, सरकारी आरोग्य केंद्रांवर औषधांचा साठा आणि परिचारिकांनी केलेली नोंद यांवर तो उभा आहे. शिस्त पाळण्याचा भार एकट्या रुग्णावर न टाकता तो व्यवस्थेने उचलायचा, हा त्यातला विचार रास्त आहे आणि तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचला पाहिजे.

तोवर प्रत्येकाच्या हाती आहे ते करावे. ठरलेल्या वेळी गोळी घ्यावी. बरे वाटते म्हणून ती सोडू नये आणि चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. काढे, चूर्णे आणि पोटॅशियमयुक्त मीठ वापरत असाल तर तेही सांगावे. खोकला, सूज, चक्कर, उदासी असा काही त्रास जाणवला तर गोळी फेकण्याऐवजी डॉक्टर गाठावा. दुसरी गोळी बहुधा असते. वकीलांच्या पिढीने औषध दिले, त्यांच्या नंतरच्या पिढ्यांनी ते घेण्याची रीत दिली. या दोन्हींचा लाभ एकत्र घ्यावा, तरच जीव वाचतो.