टेराहर्ट्झ मेटामटेरियल आणि प्रेरित पारदर्शकता

एरवी लहरी अडविणारा पदार्थ एका अरुंद वारंवारता-पट्ट्यात त्यांना वाट करून देतो, तेव्हा त्या परिणामास प्रेरित पारदर्शकता म्हणतात. १९९१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन हॅरिस व सहकाऱ्यांनी लेसरच्या साहाय्याने तो स्ट्रॉन्शियमच्या बाष्पात घडवून दाखविला. १९९९ मध्ये लेने हाऊ यांनी याच तत्त्वाने अतिशीत सोडियम अणूंमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला. मात्र अशा प्रयोगांना नियंत्रित लेसर आणि कित्येकदा अतिनीच तापमान लागते.

मेटामटेरियल, म्हणजे तरंगलांबीहून लहान अशा धातूच्या आकृत्यांची मानवनिर्मित रचना, हाच परिणाम सामान्य तापमानाला साधते. एक टेराहर्ट्झ लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर असते. म्हणून या आकृत्या काही दशक मायक्रोमीटर आकाराच्या असतात.

त्यांच्या प्रत्येक एककात दोन प्रकारचे घटक असतात. धातूची सरळ पट्टी येणाऱ्या लहरीकडून थेट ऊर्जा घेते. तिला ‘उजळ’ घटक म्हणतात. शेजारची खंडित वलये लहरीला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत. ती ‘अंध’ होत. पट्टीकडून त्यांना ऊर्जा मिळते आणि ती विरुद्ध कलेने पट्टीकडे परतते. परिणामी पट्टीतील प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो व त्या वारंवारतेची लहर पार जाते. पट्टी व वलये जवळ आणली की हा झरोका रुंदावतो.

या झरोक्यात लहरीची गती मंदावते. रचनेवर पदार्थाचा पातळ थर बसला, तरी झरोक्याची वारंवारता सरकते. त्यामुळे सूक्ष्म संवेदक आणि संदेशवहनातील नियंत्रक यांसाठी या रचनांकडे पाहिले जाते. २०१२ साली वलयांत सिलिकॉन बसवून, त्यावर प्रकाश टाकून असा झरोका मिटवून दाखविण्यात आला. धातूच्या विद्युतरोधामुळे होणारी ऊर्जाहानी ही मुख्य अडचण आहे. अंध घटकातील कंपन लवकर विरले, तर झरोकाही पुसट होतो. त्यावर अतिसंवाहकांचा उपाय अभ्यासला गेला आहे. पण त्यासाठी पुन्हा अतिनीच तापमानाकडे वळावे लागते.

या विषयाचे भारतीय मूळ जुने आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून मिलिमीटर लहरींची ध्रुवणदिशा फिरवून दाखविली. आज मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेराहर्ट्झ लहरींवर संशोधन चालते, तर गुवाहाटीच्या आयआयटीतील संशोधकांनी अशा पारदर्शकतेवर २०१७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आहे.