आयर्न मेडन आणि 'पूर्वीसारखं राहिलं नाही' मंडळ

रत्नागिरीकराला दोन विषयांवर तडजोड मान्य नसते. एक, हापूस रत्नागिरीचा की देवगडचा. दुसरा विषय माझ्या ओळखीतल्या फक्त पाच-सहा रत्नागिरीकरांपुरता आहे, पण आवेश तोच. आयर्न मेडन पूर्वीचं भारी की नंतरचं?

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्न मेडन हा लंडनचा हेवी मेटल बँड. 1975 च्या नाताळात स्टीव्ह हॅरिस नावाच्या, बास गिटार वाजवणाऱ्या 19 वर्षांच्या पोराने तो सुरू केला. पहिला अल्बम 1980 ला आला, 1981 ला ब्रूस डिकिन्सन गायला आला, आणि 1982 च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून पुढची सहा-सात वर्षं या लोकांनी नुसता धुमाकूळ घातला. घोडा चौखूर उधळल्यासारखा बास, जोडीने पळणाऱ्या दोन गिटार आणि वर डिकिन्सनची ती भोंग्यासारखी तार सप्तकातली हाक. चार-पाच मिनिटांत विषय संपला पाहिजे, असा सगळा कारभार.

मग 1990 ला गिटारवाला एड्रियन स्मिथ गेला, 1993 ला डिकिन्सन गेला, आणि 1999 ला दोघंही परत आले. मधल्या काळात आलेला गिटारवाला यानिक गर्स राहिलाच, त्यामुळे गिटार आता तीन! 2000 ला 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला आणि तिथून गाणी लांबायला लागली. हळू सुरुवात, मधे तीन-चार वेगळे भाग, ताल बदलतोय, कीबोर्डचा पडदा मागे पसरलाय, शेवटी पुन्हा सुरुवातीचा हळू तुकडा. याला म्हणायचं 'प्रोग्रेसिव्ह'. हा शब्द सत्तरीच्या इंग्लंडमधला. मुखडा-अंतरा-मुखडा ही चौकट मोडून गाणं एखाद्या गोष्टीसारखं किंवा प्रवासासारखं रचायचं, अशी ती पद्धत. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर भावगीत ऐकायला गेलेल्या माणसाला समोर बडा ख्याल वाढला, तर त्याचा जो चेहरा होईल तो डोळ्यांसमोर आणा.

पेशाने प्रोग्रामर असल्याने आधी आकडे काढले. 'द नंबर ऑफ द बीस्ट' (1982): 8 गाणी, साधारण 39 मिनिटं. म्हणजे गाण्यामागे पाचएक मिनिटं. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (2006): 10 गाणी, 72 मिनिटं. गाण्यामागे सात. 'द बुक ऑफ सोल्स' (2015): 11 गाणी, 92 मिनिटं. गाण्यामागे आठच्या वर. त्यातलं शेवटचं गाणं तर 18 मिनिटांचं आहे. आर 101 नावाचं ब्रिटिश हवाई जहाज 1930 च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून कराचीला यायला निघालं आणि फ्रान्समध्येच कोसळलं, त्याची ती कथा. तेव्हा गाणी लांबली ही तक्रार अगदी खरी आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा, तो असा की लांबली म्हणून बिघडली का?

पूर्वपक्षाचं म्हणणं असं : मेटल म्हणजे वेग, ठोसा, घाम. हे आता आरामखुर्चीत बसून इतिहासाची व्याख्यानं देतात. उत्तरपक्ष म्हणतो : पन्नाशीला आलेल्या माणसाने पंचविशीचा आव आणायचा का? त्यापेक्षा वयाला शोभेल असं काहीतरी करतायत, ते बघा की! दोन्ही बाजूंची मंडळी सुशिक्षित, चांगल्या नोकरीतली. एरवी डेडलाइनवरसुद्धा इतकी तावातावाने बोलत नाहीत.

आता इतिहासात जरा मागे जाऊ, कारण पूर्वपक्षाची खरी पंचाईत तिथे आहे. 'पूर्वीचं शुद्ध मेडन' म्हणून जे दाखवतात ते शोधायला गेलं तर हातालाच लागत नाही. हॅरिसची पोरवयातली दैवतं म्हणजे जेथ्रो टल, जेनेसिस, येस. सगळे प्रोग्रेसिव्हवाले! 1983 ला मेडनने जेथ्रो टलचं एक गाणं स्वतः वाजवून एका सिंगलच्या मागच्या बाजूला घातलं. पहिल्याच अल्बममध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे सात मिनिटांचं, अनेक भागांचं गाणं आहे. 1986 ला 'समव्हेअर इन टाइम'मध्ये गिटार-सिंथेसायझर आले तेव्हाही कुरकुर झाली. 1988 चा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' तर कीबोर्डसकट अख्खा एका कथासूत्रावर बांधलेला. म्हणजे हा 'नवा' आवाज पहिल्या दिवसापासून घरात होता, फक्त माजघरात होता. 2000 नंतर तो ओटीवर येऊन बसला, इतकंच.

आणि ज्यावर वाद होऊच शकत नाही ते गाणं म्हणजे 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं शेवटचं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिजच्या कवितेवर बेतलेलं, 13 मिनिटं 45 सेकंद. खलाशी अल्बट्रॉस पक्षी मारतो, वारा पडतो, जहाज समुद्रात थिजतं, सोबती मरतात, मग शाप हळूहळू उतरतो.

इथे एक गंमत सांगतो. आमच्याकडे मेटल पोचलं ते मुख्यतः कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेलं. मुंबईहून कोणीतरी आणायचं, मग ते हातोहात फिरायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला एक अल्बम. आता हिशोब करा. बाजू 45 मिनिटांची, 'पॉवरस्लेव्ह' 51 मिनिटांचा, आणि हे गाणं सगळ्यात शेवटी. म्हणजे साडेसात मिनिटं झाली की खटकन कॅसेट बंद! नेमकं तेव्हा गाण्यात सगळं शांत झालेलं असतं, फक्त जहाजाचं लाकूड करकरतंय. ज्यांनी अशी कॅसेट झिजवली, त्यांच्यापुरता तो खलाशी कित्येक वर्षं समुद्रातच अडकून पडला. 'पूर्वीचं मेडन आटोपशीर होतं' म्हणणाऱ्यांपैकी किती जण अशा कापलेल्या कॅसेटवर वाढले असतील, हा प्रश्न मला फार आवडतो.

असो. मुद्द्यावर येतो. हा वाद आपल्या अंगणात आला तो 2007-08 मध्ये, आणि तोही असा की कोणी ठरवून प्रयोग लावल्यासारखा.

2006 ला 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आला. युद्ध, धर्म, अणुबॉम्ब असले विषय. अमेरिकेत पहिल्या दहात शिरलेला हा त्यांचा पहिला अल्बम. दौऱ्यावर त्यांनी काय करावं? अख्खाच्या अख्खा नवा अल्बम ओळीने वाजवला! पुढे जुनी गाणी फक्त पाच. प्रेक्षकांतून कुरकुर, ओरडा, सगळं झालं, पण हे हटले नाहीत. 17 मार्च 2007 ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते पहिल्यांदा भारतात आले, तोवर थोडे नरमले होते. तरी नव्यातली पाच गाणी होतीच. त्यातलं एक 'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स'. हजार सूर्यांहून तेजस्वी! गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपाशी ओपनहायमरमुळे अणुबॉम्ब कायमचा जोडला गेला, त्याच धाग्यातलं हे नाव. म्हणजे 'हे आपलं नाही' म्हणून नाक मुरडलेल्या नव्या गाण्याचं मूळ आपल्या देवघरातल्या पोथीत निघालं.

पण जरा त्या प्रेक्षकाच्या जागी उभे राहा. वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली. या दर्जाचे बँड भारताला वळसा घालून जपानला जायचे. इथल्या पोरांनी रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'ला दुसऱ्यांनी वाजवलेलं मेडन ऐकून भूक भागवली. आणि शेवटी देव गाभाऱ्यातून बाहेर आला तेव्हा त्याने नवीच आरती म्हणायला सांगितली. राग येणारच. तिकिटाचे पैसे ज्या आठवणीसाठी मोजले ती आठवण मिळावी, ही अपेक्षा काही मूर्खपणाची नाही.

पुढे अकरा महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबई. बांद्रा-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जगभराच्या दौऱ्याचा पहिला प्रयोग आपल्याकडे झाला. बँड स्वतःच्या रंगवलेल्या बोइंग 757 मधून आला आणि विमानाचा कॅप्टन कोण, तर गायक डिकिन्सन स्वतः! या खेपेला नवीन काहीच नाही. 1992 चं एक गाणं सोडलं तर सगळी ऐंशीच्या दशकातली. पूर्वपक्षाचा पूर्ण विजय, नाही का?

थांबा. त्या रात्री कार्यक्रमाच्या अगदी मध्यावर काय होतं? 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. पूर्ण. 13 मिनिटं 45 सेकंदांचं, आधीच्या वर्षीच्या कुठल्याही 'कंटाळवाण्या नव्या' गाण्यापेक्षा चारएक मिनिटांनी लांब! आणि लोक वेडे झाले. तेव्हा लांबी, ताल बदलणं, मधेच सगळं शांत होणं, यातल्या कशाचीही लोकांना ॲलर्जी नव्हती. गाणं जुनं होतं, म्हणजे ओळखीचं होतं, आणि ओळखीचं असलं की तेरा मिनिटं तीन मिनिटांसारखी जातात.

नाटकवेड्या घरात वाढलेल्यांना हे भांडण ओळखीचं वाटेल. 1880 ला किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून संगीत नाटकाची परंपरा उभी राहिली ती साकी, दिंडी, कामदा अशा चालींवर. 1911 ला 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी, 1916 ला 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारीचा नवा बाज आणला. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदं वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्रभर चालू लागली. गाण्याने नाटक गिळलं, ही तक्रार तेव्हापासूनची. बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं, आणि मग 1964 ला 'मत्स्यगंधा', 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' घेऊन जितेंद्र अभिषेकी आले. त्यांनी उलट केलं. पद आटोपशीर केलं, नाटकाच्या ओघात बसवलं. झालं! 'हे आमचं नाट्यसंगीत नव्हे' म्हणणारे होतेच. मेडन लांबलं म्हणून बिघडलं, अभिषेकींचं पद आखडलं म्हणून बिघडलं. मोजपट्टी कुठली? तर ज्या वयात कान उघडले त्या वयातली. आणि गंमत बघा, आज रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकांची स्पर्धा असली की 'सौभद्र' आणि 'मत्स्यगंधा' एकाच 'जुनं ते सोनं'च्या फळीवर शेजारी शेजारी बसतात. दोघांमध्ये ऐंशीच्या वर वर्षांचं अंतर आहे, हे प्रेक्षकांत कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचा अर्थ पूर्वपक्षाला काहीच कळत नाही असा नाही, आणि इथे मला उत्तरपक्षाशीही भांडायचंय. 'तुम्हाला प्रोग्रेसिव्ह कळत नाही' हे उत्तर आळशीपणाचं आहे. 'राइम'मध्ये प्रत्येक भाग गोष्ट पुढे ढकलतो. वारा पडतो तेव्हा संगीतही पडतं. शांतता येते ती कथेला हवी म्हणून. 2000 नंतरच्या काही गाण्यांत ती शांत सुरुवात नुसती सवय झालीये. आधी दोन मिनिटं बासची टुणटुण, मग जोर, मग एकच ओळ आठ वेळा, मग पुन्हा टुणटुण. तीन गिटार आहेत, पण पुष्कळदा तिघंही एकच रस्ता झाडतायत. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात. ही टीका रास्त आहे. पण ती 'नवं आहे म्हणून वाईट' अशी केली की वाया जाते. 'हा तुकडा इथे काय काम करतोय?' असं विचारा, मग 2006 चं 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' सव्वानऊ मिनिटं टिकतं आणि दुसरं एखादं सहा मिनिटांतच दमतं, हे कळायला लागतं.

बँडने स्वतःपुरता तोडगा काढलाय तो मला आवडतो. एक दौरा नव्या अल्बमचा, एक दौरा इतिहासाचा, असं आलटून पालटून. दुकानही चालू, कारखानाही चालू. नुसतं दुकान ठेवलं असतं तर आज ते स्वतःचीच नक्कल करणारी वाद्यवृंद पार्टी झाले असते. नुसता कारखाना ठेवला असता तर मैदानं रिकामी पडली असती.

2021 च्या 'सेन्जुत्सू'नंतर, 2025 मध्ये बँडच्या पन्नाशीचा दौरा सुरू झाला. ड्रमर निको मॅकब्रेन 2024 च्या डिसेंबरात दौऱ्यांमधून निवृत्त झाल्याने त्याच्या जागी दुसरा माणूस. गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, 1980 ते 1992. त्यानंतरचे आठ अल्बम बाद! मंडळ खूश.

खवळला तो माझा मामेभाऊ. जन्म 1991 चा, आणि त्याने आयुष्यात ऐकलेला पहिला मेडन अल्बम 2006 चा. गाण्यांची यादी बघून त्याने रात्री अकराला फोन केला. म्हणाला, "दादा, यांनी जुनं काहीच ठेवलं नाही रे!"