आनंदीबाईंचे वॉर्डातले शिक्षण

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्या घरांत सांगावे लागत नाही. बेळगाव असो, बडोदे असो की इंदूर, शाळेच्या भिंतीवर त्यांचे चित्र असते आणि चित्राखाली ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ अशी ओळ असते. लहानपणीचे लग्न, शिकवण्याचा ध्यास घेतलेले गोपाळराव, दहा दिवसांत गेलेले मूल, बोटीचा प्रवास, पदवी आणि मृत्यू, एवढी कथा आपल्याला पाठ आहे. तिच्यात एक भाग मात्र नेहमी राहून जातो. पदवी ज्यासाठी घ्यायची, ते रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून होणारे शिक्षण आनंदीबाईंना कुठे मिळाले, आणि ते मिळावे म्हणून त्यांच्याआधी कोणी काय सोसले? आपल्यापैकी अनेकांच्या नाती आणि पुतण्या आज परदेशात शिकून तिथेच इंटर्नशिप करतात, म्हणून या भागाकडे मुद्दाम लक्ष वेधतो.

आधी तारखा. जन्म ३१ मार्च १८६५. १८७८ साली गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापुरास होते. बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा करणारे पत्र त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पाठवले. ते अमेरिकेतील मिशनरी मासिकात छापून आले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे थांबल्या असताना ते वाचले. पुढचा सारा पत्रव्यवहार तिथून सुरू झाला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत घरचे कोणीही नव्हते. वय अठरा. त्याच साली त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या.

हे कॉलेज १८५० सालचे. इमारत होती, प्राध्यापक होते, पदवी देण्याचा अधिकारही होता. नव्हते ते रुग्णालय. माझ्यासारख्या डॉक्टरला यातली अडचण लगेच कळते, पण इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रसूतीचे पुस्तक तोंडपाठ असले तरी पोटावर हात ठेवून बाळाचे डोके वर आहे की खाली हे ओळखणे वेगळे. ते बोटांनी शिकावे लागते, आणि शेजारी जाणता शिक्षक उभा असावा लागतो. १८५८ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांच्या संघटनेने स्त्रियांच्या या कॉलेजावर बहिष्काराचा ठराव केला आणि शहरातल्या रुग्णालयांची दारे विद्यार्थिनींना बंद झाली. त्यावर अ‍ॅन प्रेस्टन या त्याच कॉलेजच्या पदवीधर बाईंनी वर्गणी जमवून १८६१ साली स्त्रियांचे वेगळे रुग्णालयच उभे केले. मोठ्या रुग्णालयातील वर्ग पुढे उघडले तेव्हा काय झाले तेही नोंदलेले आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी तीसेक विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये प्रात्यक्षिक व्याख्यान ऐकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे बोळे आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या त्यांच्यावर मारल्या. मुली व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिल्या. वर्तमानपत्रांतून वाद झाला, प्राध्यापकांनी स्त्री-पुरुषांना एकत्र शिकवण्याविरुद्ध निवेदन काढले, तरी त्या जात राहिल्या.

म्हणजे आनंदीबाई तिथे पोहोचल्या, त्याच्या चौदाच वर्षे आधीची ही गोष्ट. ‘अमेरिका पुढारलेली, आपण मागासलेले’ असे आपण सहज बोलून जातो. वाट तिथेही बायकांनी हातांनीच उकरली होती, आणि आनंदीबाई त्या ताज्या वाटेवरून गेल्या. त्यांच्याबरोबर जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली याही तिथे शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चे तिघींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. प्रत्येकीने आपल्या देशाचा पोशाख केलेला आहे.

खाण्यापिण्याचा प्रश्न आम्हा जैनांना जास्त कळतो. आमच्याकडची मुले परदेशी निघाली की आई कांदा-लसणाशिवायच्या चटण्या, मेतकूट आणि भडंग बांधून देते, आणि त्यापुढची काळजी माझ्या दवाखान्यात बोलून दाखवते. आनंदीबाईंना बांधून द्यायला कोणी नव्हते. जाण्यापूर्वी सेरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तो शब्द त्यांनी पाळला. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात शाकाहार आणि साडी सांभाळली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या, एवढी तडजोड केली. राहत्या खोलीतली शेगोटी धुराने कोंडायची, त्यामुळे धूर सोसायचा की थंडी, असा प्रश्न होता. या साऱ्यात अभ्यास तीन वर्षांचा. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परदेशी कॉलेजात आपल्या घरचा विषय मांडायचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण परत जाऊन कोणावर उपचार करायचे आहेत हे त्यांच्या डोळ्यांसमोरून एक दिवसही हलले नव्हते.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आपल्या बहुतेक लेखांत पुढचे वाक्य थेट परतीच्या बोटीचे असते. पण मधले महिने महत्त्वाचे आहेत. आनंदीबाई बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन या रुग्णालयात इंटर्न म्हणून रुजू झाल्या. बर्लिनमध्ये सुईणीचे शिक्षण घेऊन अमेरिकेत आलेल्या मारी झाक्रझेवस्का या बाईंनी १८६२ साली हे रुग्णालय काढले होते. स्त्री डॉक्टरांना अनुभव घेण्यासाठी दुसरे कोणी दार उघडत नाही, म्हणूनच ते निघाले होते. डॉक्टरही स्त्रिया, रुग्णही स्त्रिया आणि मुले. १८७९ साली मेरी महोनी या कृष्णवर्णीय बाई इथूनच प्रशिक्षित परिचारिका होऊन बाहेर पडल्या, आणि त्या देशात असे शिक्षण पूर्ण करणाऱ्या त्यांच्या समाजातील त्या पहिल्या. ज्यांना इतरत्र जागा नव्हती त्यांना इथे खाटेपाशी उभे राहता येत होते.

त्याच उन्हाळ्यात कोल्हापूर दरबाराकडून नेमणुकीचे पत्र आले. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून त्यांना बोलावले होते. जिथून ते पहिले पत्र अमेरिकेला गेले, त्याच गावातून बोलावणे आले. आता बोस्टनच्या वॉर्डाचा अर्थ लक्षात घ्या. कोल्हापुरात शेजारच्या खोलीत विचारायला वरिष्ठ कोणी असणार नव्हता. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीखेरीज काही दाखवत नसत. त्यामुळे अडलेली बाई पहिल्यांदा तपासणारे हात एकवीस वर्षांच्या या मुलीचेच असणार होते. ते हात तयार करण्यासाठी बोस्टनचे महिने होते, आणि तेच पुरे पडले नाहीत. प्रकृतीने त्यांना वॉर्डात टिकू दिले नाही.

क्षय झाला होता. अमेरिकेच्या थंडीने मारले असे काही जण लिहितात. डॉक्टर म्हणून मला ते इतके सरळ वाटत नाही. कलकत्त्याला असतानाच त्यांना अशक्तपणा, डोकेदुखी आणि ताप यांचा त्रास होता आणि कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवत होत्या. क्षयाचा जंतू शरीरात वर्षानुवर्षे दबून राहतो आणि थकवा, उपास, थंडी मिळाली की डोके वर काढतो. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केला, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढल्या त्याच्या वर्षभरच आधी. त्याच्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. मधल्या साठ वर्षांत रोगाचे नाव ठाऊक होते, पण उपाय नव्हता. माझ्या होमिओपॅथीच्या पेटीतही तो नव्हता आणि नाही. क्षयाचा संशय आला की मी रुग्णाला सरकारी केंद्रात धाडतो.

होमिओपॅथीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आमच्या शास्त्राची मंडळी ती कौतुकाने ऐकतात. आनंदीबाई शिकत होत्या त्याच फिलाडेल्फियात १८४८ पासून होमिओपॅथीचे कॉलेज चालू होते आणि पुढे त्याला हानेमान यांचेच नाव मिळाले. त्या काळी हे दोन पंथ एकमेकांच्या ओसरीवरही जात नसत. पण १९९० च्या दशकात आनंदीबाईंचे कॉलेज आणि हानेमानचे कॉलेज एकत्र झाले. तोवर होमिओपॅथी तिथून केव्हाच गेली होती, हेही खरे. आज दोन्हींचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि आनंदीबाईंची कागदपत्रे तिथेच जपलेली आहेत.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या. कोल्हापूरला रुजू होणे जमले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

त्यांच्या वाटेने गेलेल्या पुढच्या मराठी बाईंचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. गुरुबाई करमरकर १८९२ साली त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनतर्फे वीसहून अधिक वर्षे रुग्ण तपासत राहिल्या. पहिलेपणाचा मान नाही म्हणून चित्र नाही, पण किती बायकांच्या पोटावर त्यांचा हात पडला असेल याचा हिशेब करून पाहा.

आणि कोल्हापूरचा तो वॉर्ड? शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये काम केले. उच्च शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना इंग्लंडलाही पाठवले. हे रुग्णालय आता छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. सगळे त्याला सीपीआर म्हणतात, जुनी माणसे थोरला दवाखाना. निपाणीकडच्या आमच्या बायका अडल्या की आजही गाडी करून तिकडेच जातात.